ध्यानाने फायदा होतो, पण कशाच्या तुलनेत?

ध्यानाचे फायदे विज्ञानाने सिद्ध केले आहेत असे एकीकडे सांगितले जाते, तर दुसरीकडे हा केवळ मनाचा समज आहे असेही ठासून म्हटले जाते. यांतले खरे कोणते, आणि चिंतेच्या विकारासाठी गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने त्या बंद करून ध्यानाकडे वळावे का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते, कारण त्याला उशीर होऊ नये: गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. अशा औषधांपैकी अनेक एकदम थांबवली तर चक्कर, झोपमोड, चिडचिड असे त्रास होतात आणि आटोक्यात आलेला विकारही उलटू शकतो. पहिल्या भागाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येणार नाही. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सजगतेवर आधारित आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम रुग्णांना अनेक वर्षे शिकवत आले आहे, आणि या विषयावरचे संशोधन मी आस्थेने, पण तपासून वाचते. त्या वाचनातून आणि कामातून जे पक्के वाटते तेवढेच येथे लिहिते.

‘ध्यान उपयोगी आहे का’ हा प्रश्न ‘औषध उपयोगी आहे का’ या प्रश्नासारखा आहे. कोणते औषध, कोणत्या आजारावर, किती दिवस आणि कशाच्या तुलनेत, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नसते. श्वासावर लक्ष टिकवणे, मनातल्या मनात मंत्र घोळवणे, येणाऱ्या-जाणाऱ्या विचारांकडे त्यांच्या मागे न जाता पाहणे आणि इतरांविषयी मैत्रीभाव जोपासणे या चार वेगवेगळ्या क्रिया आहेत; त्या मनाकडून वेगवेगळे काम करून घेतात. दिवसातून दहा मिनिटे मोबाइलवरील सूचना ऐकणे आणि दहा दिवस मौन पाळून रोज अनेक तास बसणे यांच्यातही फार मोठे अंतर आहे. ज्याला आपण ‘ध्यानाविषयीचे वैज्ञानिक पुरावे’ म्हणतो त्यांचा सर्वांत भक्कम भाग यांपैकी एका विशिष्ट पद्धतीचा आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकाळ दुखणी सोसणाऱ्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा वर्ग, रोज घरी जवळजवळ पाऊण तास सराव आणि एक संपूर्ण दिवसाचे शांत सत्र असते. या कार्यक्रमाचे निष्कर्ष उचलून ते भलत्याच पद्धतीला किंवा पाच मिनिटांच्या ध्वनिफितीला चिकटवणे ही या विषयातली सर्वांत सर्रास आढळणारी गफलत आहे.

ध्यानाचा प्रयोगशाळेतला अभ्यास याच्या बराच आधी सुरू झाला होता. १९६१ साली आनंद, छीना आणि सिंग या दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींची नोंद प्रसिद्ध केली. १९७० साली रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात भावातीत ध्यानाच्या, म्हणजे मनात मंत्र घोळवण्याच्या एका पद्धतीच्या, शारीरिक परिणामांवर लेख लिहिला, आणि हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी पुढे याच दिशेने काम केले. ध्यानाच्या वेळी शरीरात मोजता येईल असा बदल होतो, हे त्या पिढीने दाखवून दिले. परंतु डोळे मिटून स्वस्थ बसल्यावरही यांतले बरेचसे बदल होतात. मग नुसत्या विश्रांतीपेक्षा ध्यानाने अधिक काय मिळते, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे आणि माझ्या मते तोच या विषयाचा कणा आहे.

या प्रश्नाचे महत्त्व नीट समजून घ्यावे. माणसे साधारणपणे त्रास शिगेला पोहोचल्यावर मदत मागतात. त्यानंतर काही केले नाही तरी त्यांतल्या अनेकांचा त्रास काही प्रमाणात ओसरतो. वर्गात आले की आस्थेने बोलणारा शिक्षक भेटतो, आपल्यासारखेच त्रासलेले सोबती मिळतात, आठवड्याला एक ठरलेला कार्यक्रम येतो आणि आता बरे वाटेल अशी आशा निर्माण होते. या प्रत्येक गोष्टीने माणसाला बरे वाटते आणि यांतली एकही ध्यान नव्हे. शिवाय गोळीच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि साखरेची कोणाला हे लपवता येते, तसे येथे लपवता येत नाही. आपण ध्यान करत आहोत हे ध्यान करणाऱ्याला ठाऊकच असते. म्हणून ज्या चाचण्यांत ध्यान करणाऱ्यांची तुलना नुसत्या प्रतीक्षायादीवरील, म्हणजे आपली पाळी येण्याची वाट पाहत थांबलेल्या, लोकांशी केलेली असते, त्यांत ध्यानाचा फायदा फुगून दिसतो. यावर उपाय म्हणून विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी एक तुल्यबळ कार्यक्रम तयार केला: तेवढेच आठवडे, तेवढेच तास, तितकाच कळकळीचा शिक्षक, पण ध्यानाऐवजी व्यायाम, आहार आणि संगीत यांवर आधारलेली सत्रे. अशी चोख तुलना केली की ध्यानाचा वेगळा फायदा लहान होत जातो आणि काही बाबतींत दिसेनासाही होतो. एखाद्या बातमीत ‘ध्यानाने ताण घटला’ असे वाचले की मी पहिल्यांदा दुसऱ्या गटाला काय दिले होते ते शोधते, आणि तुम्हीही तेच शोधावे असे मला वाटते.

या कसोटीवर उतरलेल्या पुराव्यांचा एक महत्त्वाचा आढावा २०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा हजारांहून अधिक संशोधन-नोंदी चाळल्या आणि तुलनेसाठी निव्वळ प्रतीक्षायादी नव्हे तर काहीतरी प्रत्यक्ष कार्यक्रम दिलेला होता अशा ४७ चाचण्या निवडल्या. त्यांत एकूण ३,५१५ व्यक्ती होत्या. सजगतेच्या कार्यक्रमांनी चिंता, नैराश्याची लक्षणे आणि वेदना यांत थोडी पण खरी सुधारणा होते, असे त्यांना आढळले. परिणामाचे माप चिंतेसाठी ०.३८, नैराश्यासाठी ०.३० आणि वेदनेसाठी ०.३३ होते. हा आकडा समजायला सोपा करून सांगते: परिणाम शून्य असता तर ध्यान करणाऱ्या शंभरांपैकी पन्नास जण दुसऱ्या गटाच्या सरासरीपेक्षा बरे असते, ०.३० असताना सुमारे बासष्ट जण त्या सरासरीपेक्षा बरे असतात. म्हणजे फायदा आहे, तो नगण्य नाही आणि चमत्कारही नाही. लक्ष, झोप, खाण्याच्या सवयी आणि वजन यांबाबत मात्र पुरावा एकतर तोकडा होता किंवा फायदा दिसत नव्हता. आणि औषधे, व्यायाम किंवा इतर मानसोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे असेही आढळले नाही. हे शेवटचे वाक्य बातम्यांतून हमखास गळते.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम नैराश्य पुन्हा उलटण्याविषयीचे आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. ज्यांना नैराश्याचे झटके वारंवार आलेले असतात त्यांचा मूड साध्या कारणाने जरी उतरला तरी त्याच्यासोबत जुने विचार जसेच्या तसे परत येतात: मी कुचकामी आहे, हे कधीच संपणार नाही, चूक माझीच आहे. माणूस त्या विचारांचा कीस काढत बसतो आणि कीस काढण्यानेच उदासी गडद होत जाते. झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल या मानसशास्त्रज्ञांनी हा धागा नेमका पकडला. झटका ओसरलेला असतानाच रुग्णाला असे शिकवायचे की, विचार आला हे ओळखावे, तो एक विचार आहे एवढेच जाणावे आणि त्याच्याशी वाद न घालता लक्ष शरीराकडे किंवा श्वासाकडे वळवावे. कबाट-झिन यांच्या कार्यक्रमाला बोधात्मक उपचारपद्धतीची, म्हणजे विचारांच्या सवयी ओळखून बदलायला शिकवणाऱ्या उपचाराची, जोड देऊन त्यांनी हा अभ्यासक्रम बांधला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, आधी तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्या रुग्णांपैकी नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ६६ टक्के जणांना सुमारे वर्षभरात पुन्हा नैराश्य आले. हा अभ्यासक्रम केलेल्यांत ते प्रमाण ३७ टक्के होते. दोनच झटके आलेल्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. विचारांचे हे चक्र ज्यांच्यात पक्के रुजलेले आहे त्यांनाच ते मोडण्याचे शिक्षण उपयोगी पडते, असा त्याचा अर्थ लागतो आणि तो मूळ सिद्धांताशी जुळतो.

पुढे २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये विलेम कायकेन आणि सहकाऱ्यांची ४२४ रुग्णांची चाचणी आली. एका गटाने नैराश्याच्या गोळ्या चालू ठेवल्या. दुसऱ्या गटाने हा अभ्यासक्रम केला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू कमी केल्या किंवा थांबवल्या. दोन वर्षांत पहिल्या गटात ४७ टक्के आणि दुसऱ्या गटात ४४ टक्के रुग्णांना नैराश्य पुन्हा आले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने या दोन आकड्यांत फरक नाही. ध्यान गोळ्यांपेक्षा श्रेष्ठ ठरले नाही, पण गोळ्या नको असलेल्या रुग्णासाठी एक विश्वासार्ह पर्याय म्हणून ते उभे राहिले. आणि एवढे सगळे करूनही दोन्ही गटांतील जवळजवळ निम्म्या रुग्णांना आजाराने पुन्हा गाठले, हेही विसरता येत नाही.

तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली चाचणी ‘जामा सायकिअ‍ॅट्री’मध्ये २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. चिंताविकाराचे निदान झालेल्या २७६ प्रौढांपैकी अर्ध्यांना सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम आणि अर्ध्यांना एसिटालोप्राम ही प्रचलित गोळी देण्यात आली. कोणाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले. विकाराची तीव्रता मोजणाऱ्या सात गुणांच्या मापनपट्टीवर ध्यानाच्या गटात सरासरी १.३५ आणि गोळीच्या गटात १.४३ इतकी घट झाली, म्हणजे ध्यान गोळीपेक्षा कमी पडले नाही. दुष्परिणामही ध्यानाच्या गटात बरेच कमी होते. या चाचणीला मी महत्त्व देते, पण दोन गोष्टी सोबत सांगते. काहीच उपचार न घेणारा तिसरा गट तिच्यात नव्हता, त्यामुळे दोन्ही गटांतील सुधारणेचा किती भाग केवळ काळाचा होता ते तिच्यावरून कळत नाही. आणि त्या रुग्णांनी पूर्ण अभ्यासक्रम प्रशिक्षित शिक्षकाकडे केला होता. मनाला येईल तेव्हा पाच मिनिटे बसण्याला तो निष्कर्ष लागू होत नाही.

वेदनेच्या बाबतीत कंबरदुखीवरील २०१६ ची चाचणी चांगली आहे. ३४२ रुग्णांपैकी सजगतेचा कार्यक्रम केलेल्यांपैकी ६०.५ टक्के जणांच्या दैनंदिन हालचालींत सहा महिन्यांनी ठळक सुधारणा झाली. विचार आणि वागणूक यांच्या सवयी बदलायला शिकवणारा बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी) घेतलेल्यांत ५७.७ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४४.१ टक्के. कंबर दुखायची थांबत नाही, पण दुखण्याभोवती उभी राहणारी भीती आणि आक्रसून राहण्याची सवय सैल होते, असे रुग्णांशी बोलताना मला वारंवार जाणवले आहे. रक्तदाब आणि हृदयरोग यांबाबत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली सावध मत दिले: फायदा संभवतो, पण ध्यान हे प्रस्थापित उपचारांच्या जोडीला असावे. प्रतिकारशक्ती, वार्धक्य आणि कर्करोग यांच्याविषयी जे दावे केले जातात त्यांना आज पुरेसा आधार नाही. कर्करोगाच्या रुग्णांना ध्यानाने चिंता कमी होऊन दिलासा मिळतो, पण गाठ विरघळत नाही.

यंत्राने काढलेल्या मेंदूच्या चित्रांनी (स्कॅननी) लोकमतावर जेवढा प्रभाव टाकला तेवढा कदाचित दुसऱ्या कशानेच टाकला नसेल. २०१० नंतरच्या काळात आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूतील करड्या द्रव्याची घनता वाढते असा निष्कर्ष जगभर गाजला. २०११ च्या ज्या अभ्यासाचा सर्वाधिक उल्लेख होतो, त्यात ध्यान करणाऱ्या व्यक्ती केवळ १६ होत्या. २०२२ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये दोनशेहून अधिक व्यक्तींचा, वर सांगितलेल्या तुल्यबळ कार्यक्रमाशी तुलना करणारा अभ्यास आला आणि आठ आठवड्यांनंतर मेंदूच्या रचनेत कोणताही बदल आढळला नाही. हा अभ्यास ध्यानाच्या विरोधकांनी नव्हे, तर या क्षेत्रातील अग्रगण्य संशोधक रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटानेच केला होता, म्हणून मला त्यांच्याविषयी अधिक आदर वाटतो. पहिली बातमी घरोघरी पोहोचली. दुसरी बहुतेकांनी ऐकलीच नाही. लक्षणे कमी होत असतील तर मेंदूचे चित्र बदलले की नाही याने रुग्णाला काहीच फरक पडत नाही, परंतु चित्र दिसले की लोकांचा विश्वास बसतो आणि तोच विश्वास पुढे जाहिरातींत वापरला जातो.

बातम्यांचा दोष केवळ पत्रकारांचा नाही. २०१६ साली सजगतेवरील १२४ चाचण्यांची छाननी झाली तेव्हा त्यांतील सुमारे ८७ टक्के चाचण्यांनी अनुकूल निष्कर्ष मांडलेले आढळले. चाचण्यांचे आकारमान पाहता एवढे यश अपेक्षितच नव्हते. नोंदणी झालेल्या अनेक चाचण्यांचे निष्कर्ष तर पूर्ण होऊन अडीच वर्षे लोटली तरी प्रसिद्ध झाले नव्हते. फायदा न दिसलेली चाचणी कपाटात राहते आणि फायदा दिसलेली छापून येते. ध्यानावर संशोधन करणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतः साधक असतात, त्यामुळे आवडत्या निष्कर्षाकडे झुकण्याचा धोका येथे अधिक आहे, आणि हे मी स्वतःलाही लागू करून सांगते. दरम्यान लोकांची ओढ झपाट्याने वाढली: अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात ध्यान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०१२ साली ४.१ टक्के नोंदले गेले होते, ते २०१७ साली १४.२ टक्के झाले. पुरावा या वेगाने वाढलेला नाही.

पण जे लोक ध्यानाला ‘नुसता प्लॅसिबो’, म्हणजे साखरेच्या गोळीसारखा केवळ अपेक्षेचा परिणाम, म्हणून मोडीत काढतात त्यांचेही मला पटत नाही. तुल्यबळ कार्यक्रमांशी तुलना करूनही काही फायदा शिल्लक राहतो, हे वर आलेच आहे. २०१६ च्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींच्या त्वचेला उष्णतेची वेदना देण्यात आली आणि शरीरातील अफूसदृश रसायनांची क्रिया रोखणारे नॅलॉक्सोन हे औषध शिरेतून सोडण्यात आले. तरीही ध्यानाने होणारे वेदनाशमन टिकून राहिले. प्लॅसिबोने होणारे वेदनाशमन अनेकदा या औषधाने मंदावते, म्हणून येथे काही वेगळी यंत्रणा काम करत असावी असे मानायला जागा आहे. आणखी एक आक्षेप श्रद्धावानांकडून येतो: साधनेला चाचणीत बसवणे हा तिचा अवमान आहे. मला तसे वाटत नाही. चाचणी लक्षणे मोजते. मुक्ती, भक्ती किंवा आत्मज्ञान यांविषयी ती बोलत नाही आणि बोलू शकणारही नाही. मात्र एखाद्याने ध्यानाने आजार बरा होतो असे म्हटले की तो दावा वैद्यकाच्या अंगणात येतो, आणि तेथे त्याला इतर उपचारांचेच नियम लागू झाले पाहिजेत.

सर्वसामान्यांमधील एक समज मला सर्वांत अधिक खुपतो. ध्यान म्हणजे मन निर्विचार होणे, आणि विचार आले म्हणजे आपल्याला ध्यान जमत नाही, असे असंख्य लोक मानतात. चिंतेने आधीच पोखरलेला माणूस बसतो, मन इकडेतिकडे धावते, आणि आपण येथेही नापास झालो असे म्हणत तो उठतो. संशोधनात तपासल्या गेलेल्या सजगतेच्या पद्धतीत मन भरकटणे हा सरावाचाच भाग आहे. ते भरकटले हे लक्षात येणे आणि त्याला रागावल्याशिवाय परत आणणे, एवढेच काम तेथे करायचे असते. ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी नीट सांगितली तर कितीतरी लोकांचा मनस्ताप वाचेल.

ध्यानाला दुष्परिणाम नसतात हा समजही खरा नाही. २०२० साली ८३ अभ्यासांचा आढावा घेतला असता सुमारे ८.३ टक्के व्यक्तींना काही ना काही प्रतिकूल अनुभव आल्याचे दिसले; चिंता वाढणे आणि उदासी येणे हे त्यांत सर्वाधिक होते. यांतले पुष्कळसे त्रास तात्पुरते असतात, आणि प्रशिक्षित शिक्षकाच्या आठ आठवड्यांच्या वर्गात धोका कमी असतो. परंतु दीर्घ मौन शिबिरे, पूर्वी मनोविकृतीचा (वास्तवाचे भान सुटण्याचा) किंवा उन्मादाचा झटका येऊन गेलेला असणे आणि जुने गंभीर मानसिक आघात यांचा योग जेथे येतो तेथे मी फार सावध असते. डोळे मिटून शरीराकडे लक्ष दिल्याने अशा व्यक्तीच्या जुन्या आठवणी अंगावर येऊ शकतात. झोप उडणे, स्वतःपासून किंवा जगापासून तुटल्यासारखे वाटणे, भास होणे यांपैकी काही झाले तर ‘हा साधनेतला टप्पा आहे, चालू ठेवा’ हा सल्ला धोकादायक आहे. सराव थांबवून तज्ज्ञाला भेटावे. सर्वांना सरसकट ध्यान शिकवण्याचा आग्रहही याच कारणाने तपासून घ्यावा. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले, आणि शाळांत आधीपासून असलेल्या भावनिक शिक्षणापेक्षा सजगतेच्या वर्गांनी काही अधिक साधले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. मागितलेले नसताना दिलेला उपचार कितपत रुजतो, हा प्रश्न त्यातून पुढे येतो.

आता तुम्ही विचारलेल्या परिस्थितीविषयी. गोळ्या चालू असताना ध्यान शिकायला सामान्यतः काहीच हरकत नसते. दोन्ही सोबत करता येते. आपल्या डॉक्टरांना तसे सांगावे आणि प्रशिक्षित शिक्षकाचा पूर्ण आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम निवडावा. शिक्षकाला मानसिक आजारांचा अनुभव आहे का आणि त्रास झाल्यास तो काय करतो, हे आधी विचारून घ्यावे. आजार मुळापासून बरा करण्याची हमी देणाऱ्याकडे जाऊ नये. सुरुवातीला आणि आठ आठवड्यांनी चिंता एकाच प्रश्नावलीने मोजावी. गॅड-७ ही सात प्रश्नांची, ० ते २१ गुणांची प्रश्नावली यासाठी पुरेशी आहे, आणि ‘बरे वाटते आहे असे वाटते’ या भावनेपेक्षा ती अधिक भरवशाची ठरते. गुण खाली आले नाहीत तर त्यात तुमचा दोष नाही. बोधात्मक वर्तनोपचाराला चिंताविकारात ध्यानाहून जुना आणि भक्कम पुरावा आहे, तो मार्ग विचारात घ्यावा. गुण खाली येऊन काही महिने खालीच राहिले, तर गोळी कमी करण्याचा विषय डॉक्टरांकडे काढावा. ती पायरीपायरीने, आठवडे किंवा महिने घेऊन कमी करतात. त्या काळात सराव चालू ठेवावा, प्रश्नावली दर पंधरा दिवसांनी भरावी, आणि गुण पुन्हा चढू लागले तर पुढची पायरी न उतरता डॉक्टरांना भेटावे.